टॉवरजवळची मोजणी

९ नोव्हें.
नागपूरहून बसने तेलंगणातलं बोथ, पुढे ऑटोने गाव. सोळाला सुजूला, माझ्या धाकट्या भावाला, जाऊन वर्ष होईल. घरात त्याच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाची तयारी म्हणजे आई एकटीच तांदूळ निवडत बसलेली. बाबा कुठे, विचारलं तर तिने हनुवटीनेच परसाकडे दाखवलं.
मोबाइलच्या टॉवरच्या चौथऱ्यावर बसलेले. घरामागची ही जागा टॉवरला बाबांनीच दिली. पुढे सुजूला रक्ताचा कॅन्सर निघाला आणि बाबांनी दोन्हींची गाठ घातली, ती घट्टच होत चाललीय.
आई : "रोज सांजंले तिथंच बसून राह्यते. म्हन्ते, पोराले नेलं, आता मलेबी नेऊ दे."
फोनवर हे कुणी बोललं नव्हतं. आधी राग आला, मग रडू.

१० नोव्हें.
जेवताना बाबा : "सोळाले भंतेजींसमोर, साऱ्या गावासमोर सांगतो. पोराले म्याच मारलं."
आई ताटावरून उठली.
मी म्हटलं, बाबा, हवेतल्या रेडिओलहरींची ताकद मोजायचाच पगार मिळतो मला. आधी मोजू तर द्या. ऑफिसात साहेबांना फोन. मोजणीचा नवा अँटेना दौऱ्यावर गेलाय, जुना न्या म्हणाले. उद्या नागपूरला जाऊन आणते.

१२ नोव्हें.
परसात तिवई, तिच्यावर माशाच्या काट्यासारखा अँटेना, केबल, मीटर. कुंपणापलीकडून शेजारीण : "पंतुलूची पोरगी टीव्ही लावून राह्यली काय?" मास्तरकी सुटून किती काळ झाला, पण बाबा गावाला अजून पंतुलू, म्हणजे मास्तरच.
बाबा स्वतः उठून आले. तिवईचा पाय धरून उभे. घरच्या बाजूला, सुजूच्या खिडकीशी मोजलं.
"किती?"
"एकाहत्तर डेसिबल. मर्यादा एकशे बेचाळीसच्या आसपास."
"म्हंजे निम्मं."
डेसिबलमध्ये निम्मं म्हणजे निम्मं नसतं. फारच कमी आहे, एवढंच म्हटलं. बाबा दोन भाकरी जेवले. संध्याकाळी चौथरा रिकामा. आईने माझ्या तोंडावरून हात फिरवला.

१३ नोव्हें.
चूक केली. मोठी.
ऑफिसच्या मीटरमध्ये नव्या अँटेनाचा फॅक्टर भरलेला असतो, तो आपोआप मिळवला जातो. जुन्याचा भरलेलाच नव्हता. मीटर अँटेनाने पकडलं तेवढंच दाखवत होतं, हवेत होतं ते नव्हे. पडद्यावर आकड्यापुढे 'प्रति मीटर' नाही, हे बघायला हवं होतं. बाबा शेजारी उभे, मी उतावळी. अँटेनाच्या पेटीत चिकटवलेल्या तक्त्यावर अँटेना फॅक्टर सव्वीस. केबलमध्ये गळते ते तीन. एकाहत्तरचे झाले शंभर.
तरीही मर्यादेच्या कितीतरी खाली. पण शंभर!
आईला सांगितलं. "काऊन सांगतं त्याईले? दोन घास खाऊन राह्यले ना ते."
बरोबर आहे तिचं. पण आकडा चुकीचा आहे हे माहीत असून त्यांच्यासमोर जेवायला बसवत नाही.

१४ नोव्हें.
सांगितलं.
"परवा एकाहत्तर, आज शंभर. शंभर म्हंजे पैकीच्या पैकी."
मार्कांसारखं नसतं हो बाबा, दर विसाला दहापट होते, म्हणून मर्यादेच्या शंभराव्या हिश्शाहून कमीच आहे. अभ्यास न करता आलेल्या पोराचं ऐकावं तसं ऐकलं.
"जास्त निघालं तरी कमीच म्हनतं. मले नको समजावू, बाई."
परत चौथऱ्यावर. रात्री जेवले नाहीत. आई माझ्याशी बोलली नाही.

१५ नोव्हें.
सकाळी पुन्हा बसले त्यांच्याजवळ. म्हटलं, पोहऱ्यात किती पाणी आलं त्यावरून विहिरीत किती ते सांगायचं तर पोहरा केवढा ते माहीत हवं ना? अँटेना फॅक्टर तेवढंच. मी पोहरा न बघता विहीर सांगितली.
बाबांनी कागद मागितला. एकशे बेचाळीसातून शंभर गेले, बेचाळीस; वीस म्हणजे दहापट, चाळीस म्हणजे शंभरपट, वरचे दोन राहिले. स्वतः मांडलं, माझ्यापेक्षा नीट.
"मंग टावर नाही?"
"एवढ्याने नाही, बाबा."
"मंग कशानं?"
डॉक्टरांनाही सांगता आलं नव्हतं.
वाटलं होतं, हलके होतील. कागद हातात धरून नुसते बसून राहिले.

१६ नोव्हें.
वंदना झाली. भंतेजींनी दोन शब्द बोला म्हटलं. बाबा उभे राहिले. आईने माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली. "सुजित माझा पोरगा होता. हुशार होता." बसले.
माणसं जेवून गेली. संध्याकाळी बाबा पुन्हा टॉवरपाशी. मी मागोमाग. रागच आला होता. म्हटलं, गणित तर तुम्हीच केलं, आता काय?
"टावर असता त सुजूले माफी तरी मांगता आली असती, पोरी. आता कायची मांगू?"
मी शेजारी बसले. आई दारात उभी राहून आम्हा दोघांना जेवायला बोलावत होती, आम्ही दोघंही उठलो नाही. अँटेना उद्या परत द्यायचा आहे. साहेबांना फोन करून अजून चार दिवस मागते. मोजायला नव्हे, बाबांजवळ बसायला.