सुकाणूवर मी आणि मागे स्कॅन चालू

शनिवार, ३ ऑगस्ट

बुडालो! पुन्हा बुडालो!

खडक समोर दिसतोय. हेडफोनमधून कानात लेक ओरडतेय — "बाबा, डावीकडे! अरे डावीकडे घे!" मी डावीकडेच घेतोय, बोटं दुखेपर्यंत घेतोय, आणि कॉम्प्युटर ढिम्म. चित्र जागच्या जागी. कोपऱ्यात ती लाल छत्री उघडली — 'आपल्या सुरक्षेसाठी तपासणी सुरू आहे. ४ टक्के.' माझ्या सुरक्षेसाठी! तिकडे माझे सत्तर खलाशी पाण्यात गेले.

लेक म्हणाली, "बाबा, त्या अँटिव्हायरसचं काहीतरी कर बाबा. नाहीतर मला दुसरा सुकाणूवाला बघावा लागेल. गेममध्ये अनोळखी माणसं मिळतात, एक बटण दाबलं की झालं." हसत म्हणाली. पण म्हणाली.

रविवार, ४ ऑगस्ट

रात्रभर तेच डोक्यात. एक बटण दाबलं की झालं!

कॉम्प्युटर मूळचा तिचाच. दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी गेली तेव्हा हा इथेच राहिला, तिने तिकडे नवा घेतला. जाण्याआधी दोन दिवस मला शेजारी बसवून जहाज चालवायला शिकवलं. मी छप्पन्न वर्षांचा, जन्म चष्मे विकण्यात गेलेला. पण शिकलो. कारण मला फोनवर बोलता येत नाही. 'जेवलीस का', 'झोप होते ना' — की संपला माल. मग मी फोन हिच्याकडे देतो आणि उगाच खिडकी पुसतो. शनिवारी सात ते नऊ मात्र लेक माझी. ती तोफांवर, मी सुकाणूवर. आठवड्यात मला ती तेवढीच मिळते. ते दोन तास गेले तर माझ्याकडे राहिलं काय? खिडकी!

अँटिव्हायरस काढून टाकावा म्हटलं तर तेही जमणार नाही. दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांचे चष्म्याचे नंबर याच कॉम्प्युटरवर आहेत. मागे एकदा 'फुकट सोनेरी शीड' मिळतंय म्हणून मी कुठेतरी टिचकी मारली. शीड नाही मिळालं, व्हायरस आला. वीस वर्षांचे नंबर गायब! दुरुस्तीवाल्याने कसेबसे परत काढले. तेव्हा हिने आठ दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं धोरण ठेवलं होतं.

म्हणजे मला असा अँटिव्हायरस हवा, जो घरात असेल, पहारा देईल, पण आहे हे कळणार नाही.

ही म्हणाली, "म्हणजे तुमच्यासारखा."

"मी पहारा देतो?"

"नाही, आहात ते कळत नाही."

मंगळवार, ६ ऑगस्ट

आज दुकानात येईल त्याला विचारलं. यंत्रावर हनुवटी टेकवलेला माणूस कुठे पळून जाणार! डोळे तपासता तपासता विचारायचं — "ही काच बरी की ही? आणि अँटिव्हायरस कुठला वापरता?"

बँकेतला कॅशियर म्हणाला, हिरवी ढाल घ्या, माझ्या साडूकडे आहे. साडू गेम खेळतो का? नाही, साडू कॉम्प्युटर लावतच नाही. शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या, निळं कुलूप चांगलं, चित्र फार गोड आहे. एक वकील अर्धा तास बोलले आणि शेवटी म्हणाले, "मी हे सगळं ऐकीव सांगतोय हं." त्यांचा चष्मा तयार असून मी उद्या या म्हणालो. राग आला होता.

गुरुवार, ८ ऑगस्ट

हिरवी ढाल बसवली. आता पद्धतशीर काम. नंबर काढतो तसंच — आधी हे, मग ते, कुठलं बरं. वही घेतली. हातात घड्याळ. गेम उघडायला लाल छत्रीला तीन मिनिटं वीस सेकंद. हिरव्या ढालीला दोन मिनिटं पन्नास. शिवाय स्क्रीनच्या कोपऱ्यात तो फ्रेमचा आकडा असतो, चष्म्याच्या नव्हे, सेकंदाला किती चित्रं सरकतात त्याचा — साठच्या वर असला तर जहाज लोण्यातून जातं, वीसच्या खाली आला की मेलोच. छत्री अठरा. ढाल एकतीस.

सुधारणा आहे, पण पूर्ण नाही. एका काचेने भागलं नाही की मी काय करतो? तिच्यावर दुसरी चढवतो! दोन मिळून नंबर बरोबर जुळतो. तीस वर्षांचा अनुभव आहे, उगाच नाही. लाल छत्री ठेवली, वर हिरवी ढाल. अठरा अधिक एकतीस — एकोणपन्नास तरी व्हावेत.

शनिवार, १० ऑगस्ट

वाट लागली!

सात वाजून पाच मिनिटांनी ढालीने जाहीर केलं — 'धोका सापडला: लाल छत्री.' लगेच छत्री उघडली — 'धोका सापडला: हिरवी ढाल.' मग दोघांची जुंपली. ही तिला पकडते, ती हिला पकडते, दर वेळी भोंगा. आकडा दोनवर! अधिक कसलं, वजाबाकी झाली.

जहाज बंदरातून हललंच नाही. ओशाळून लेकीला म्हटलं, थांब जरा, निस्तरतो. ती म्हणाली, "असू दे रे, मी थांबते." आणि आपली बोलत बसली. जेवायला ती म्हणे ऑफिसच्या जिन्यात बसते. वरच्या मजल्यावरून खाली छपरं दिसतात, कबुतरं येतात. मी म्हटलं, जिन्यात कशाला, वारा लागेल. ती म्हणाली, "टेबलांवर सगळ्यांचे आपापले —" आणि तेवढ्यात छत्रीने ढाल अर्धी पुसली! मी ओरडलो, "बेचाळीस टक्के! बेचाळीस झाले!"

नऊ वाजले. एक तोफ उडाली नाही. दोन तास फुकट.

रविवार, ११ ऑगस्ट

दुरुस्तीवाला आला. याचं नाव आम्ही 'रीस्टार्ट' ठेवलंय, कारण काहीही झालं तरी पहिलं वाक्य तेच. आज रीस्टार्ट म्हणालाच नाही. स्क्रीनला नाक लावून दोन्ही चित्रं बोटाने मोजली. मग — "काका, दोन? एकावर एक?"

मी काचांचं समजावून सांगितलं. अगदी चाचणीची फ्रेम आणून दाखवली.

"काका, ह्या काचा नाहीत. ही कुत्री आहेत. एका दारात दोन नाही ठेवत."

ही आतून इतकी हसली की चहाला उशीर झाला. दोन्ही काढले.

बुधवार, १४ ऑगस्ट

निळं कुलूप. शिवणकामवाल्या बाई खोटं बोलल्या नव्हत्या, चित्र खरंच गोड आहे. आणि यात 'गेम मोड' आहे! म्हणजे आपण खेळायला बसलो की हा गप्प बसतो. आकडा पंचावन्न! एकट्याने बंदराला तीन फेऱ्या मारून आलो, कुठे अडखळलं नाही. दुकानात दिवसभर शीळ घालत होतो. कॅशियरला सांगितलं, साडूला कळवा.

शनिवार, १७ ऑगस्ट

गप्प बसला होता हे खरं. गप्प बसून मेल्याने आमचं जहाजच पकडलं!

ऐन लढाईत स्क्रीन काळी. 'संशयास्पद फाइल वेगळी ठेवली आहे. आता आपण सुरक्षित आहात.' म्हणजे अख्खा गेम उचलून कोठडीत. सोडवायचा तर तीन ठिकाणी 'नक्की का?' 'पुन्हा एकदा विचार करा' 'जबाबदारी तुमची'. हो रे बाबा, माझीच!

लेक कानात होतीच. सोडवणूक चालू असताना तिचं आपलं काहीबाही. तिची जागा बदलली म्हणे, खिडकीजवळून आत, छपाईयंत्राच्या बाजूला. कोणी विचारलंसुद्धा नाही. काल संध्याकाळी नदीच्या पुलावर बराच वेळ नुसती उभी होती. मी म्हटलं, "हं, हं — एक मिनिट, पासवर्ड विचारतोय." ती म्हणाली, "तू कर तुझं." मग थोड्या वेळाने — "बाबा, तुला कधी असं —" आणि गेम सुटला! मी असा हरखलो! "सुटला! चल, तोफ भर!"

तिने भरली.

नंतर हिने विचारलं, काय सांगत होती एवढं? म्हटलं, काही नाही, ऑफिसचं.

सोमवार, १९ ऑगस्ट

'रीस्टार्ट'ला पुन्हा बोलावलं. हात जोडले. म्हटलं, आता तूच सांग, नाहीतर माझी लेक अनोळखी माणसाबरोबर जाईल. त्याचा चेहरा बघून खुलासा करावा लागला.

तो म्हणाला, "काका, कॉम्प्युटरच्या आत एक अँटिव्हायरस आधीपासून आहेच. फुकट. तुम्ही बाहेरचा बसवला की तो बिचारा बाजूला होतो. बाहेरचा काढला की परत येतो."

आतच होता! मी गावभर हिंडलो!

मग त्याने निळं कुलूप काढलं आणि दोन कामं केली. एक — गेमच्या कप्प्यावर सांगून ठेवलं की इकडे बघायचं नाही. दोन — मोठी तपासणी बुधवारी दुपारी दोनला लावली, मी दुकानात असतो तेव्हा. पंधरा मिनिटांत खेळ खलास. जाताना म्हणाला, "एकदा रीस्टार्ट करा." सवय!

आकडा: चौऱ्याहत्तर. वहीत दोनदा लिहिला.

बुधवार, २१ ऑगस्ट

मुद्दाम दुकान अर्धा तास बंद ठेवून दुपारी घरी आलो. दोन वाजता तपासणी सुरू झाली. पावणेतीनला संपली. सगळे नंबर जागेवर. कोणाला त्रास नाही. असा नोकर शोधून सापडायचा नाही.

शनिवार, २४ ऑगस्ट

काय सांगू! चार जहाजं बुडवली. एकदाही अडकलं नाही. डावीकडे म्हटलं की डावीकडे. दोन खडकांच्या मधून असं काढलं जहाज की मीच स्वतःला शाबास म्हणालो.

शेवटी लेक म्हणाली, "बाबा, आज हँग नाही झाला?" म्हटलं, "आता कधीच नाही होणार! तुझ्या बापाने बंदोबस्त केलाय." ती म्हणाली, "अरे वा."

शनिवार, ३१ ऑगस्ट

सहा जहाजं. आकडा सत्तरच्या खाली नाही. आता कशाला बघते दुसरा सुकाणूवाला!

मध्ये ती म्हणाली, "बाबा, जरा थांबूया का?" मी म्हटलं, थांबायचं कशाला, चाललंय ना मस्त. आणि समोर लुटारूंचं गलबत आलं, त्यामुळे थांबता येण्यासारखं नव्हतंच.

शनिवार, ७ सप्टेंबर

नऊ! आजवरचा विक्रम. यादीत आमचं नाव वरून तिसरं. मी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या.

साडेआठलाच ती म्हणाली, "चल, ठेवते बाबा." म्हटलं, अजून अर्धा तास आहे! "दमले रे." नऊ जहाजं बुडवून माणसाने दमायचं असतं होय?

जेवताना हिला सगळं रंगवून सांगितलं. ती भाजी वाढत होती, थांबली. "बरं, पण ती काय म्हणाली?"

"म्हणाली की. बरंच."

"काय?"

मी आठवून पाहिलं. 'डावीकडे.' 'तोफ भरली.' 'मार.' 'झालं.' 'दमले.' एवढंच आठवतंय. दीड तास माझ्या कानात होती ती.

वाईट वाटलं. का ते अजून नीट कळत नाही. आकडा तर चौऱ्याहत्तर होता.

गुरुवार, १२ सप्टेंबर

हिने फोन केला. लेक म्हणाली, "मी मजेत." हिला नेहमी मजेतच सांगते, काळजी करते म्हणून. मग फोन माझ्याकडे आला. 'जेवलीस का' म्हटलं. "हो." पुढचं काही सुचेना. त्या पुलाबद्दल विचारायचं होतं. कसं विचारतात असलं? फोन परत दिला. खिडकी स्वच्छ होती, तरी पुसली.

शनिवार, १४ सप्टेंबर

सात वाजता बसलो. जहाज निघालं, वारा मागून, आकडा पंचाहत्तर. कानात लेक म्हणाली, "बाबा, थांब ना. आज माझाच कॉम्प्युटर हँग झालाय. चित्रच हलत नाहीये."

मी स्क्रीनवर बघितलं. तिचा खलाशी माझ्या शेजारी डेकवर फेऱ्या मारत होता — इकडून तिकडे, तिकडून इकडे. एकदाही अडखळत नव्हता. समोर खडक आला. डावीकडे घ्यायला वेळ होता. मी सुकाणू सोडून दिलं.

"माझाही अडकलाय," म्हटलं. "बोल तू."