ओढणीखालचा उजेड

शुक्रवार, वरूड

ओढणीला अजून संत्र्याचा वास येऊन राहिला आहे.

सकाळी बाबांनी पॅकिंगमधून बाजूला काढलेली संत्री पिशवीत भरून दिली, पण विचारलंच, "शाळा सुटल्यावर त्या पोरींले विज्ञान शिकवाले काहून जाऊन राहिली तू? कॉलेजात त्याचे मार्क तरी भेटते का?" मार्क नाहीत. पिशवी उचलून मी निघाले. दिवसभर तेच टोचत राहिलं.

संध्याकाळी आठवीच्या पोरींनी बॅटरी करायला संत्र्यांत जस्ताचे खिळे आणि तांब्याच्या तारा खुपसून ती ओळीनं जोडली. टोकाला लावलेला एलईडीचा छोटा दिवा काही पेटेना. चूक मला लगेच दिसली, त्याचे पाय उलटे जोडले होते. सांगायला तोंड उघडलं, तर समीक्षानं, एरवी जी मान वर करत नाही तिनं, माझा हात धरला. "ताई, तुमी सांगू नका. मले पाहू द्या."

गप्प बसणं किती कठीण असतं! तिनं एकेक तार तपासली आणि शेवटी एलईडी फिरवला. तरी उजेड दिसेना, म्हणून अंधार करायला माझी ओढणी डोक्यांवर ओढून आम्ही सगळ्या आत घुसलो. लाल ठिपका. एवढासा, पण होता. "पेटला, ताई," ती अगदी हळू म्हणाली.

हेच भेटते, बाबा. पण सांगून कसं कळणार?

आई ओढणी धुवायला मागत होती, दिली नाही. चार संत्री उरलीत. जेवणं झाली की बाबांनाच ओढणीखाली बसवते. त्यांनी एलईडी उलटा जोडला तरी सांगणार नाही.