बेउलाच्या तळघरातलं बारसं

मॉन्ट्रियल,
८ नोव्हेंबर २०२४

चि. मिलिंद यास बाबांचे अनेक आशीर्वाद.

इकडे ठीक. विंटर टायर्स बसवून घेतले. गुडघ्यांना तशी सोय नाही. सूनबाई अस्मिताचे लाडू पोचले. बेसन छान भाजलंय म्हणावं. तिकडे तुमच्या नॉर्थ यॉर्कला बर्फ पडला का?

तुझी ईमेल आणि ब्रोशर मिळालं. बेउला चर्च पाडून तुमची कंपनी टॉवर बांधणार, आणि पालिकेच्या गुरुवारच्या सुनावणीसाठी मी 'कम्युनिटी एल्डर' म्हणून पाठिंब्याचं पत्र द्यायचं! 'अर्बन लाइफस्टाइलला हेरिटेजचा स्पर्श.' काय ते गद्य. मिरजेच्या आमच्या पावसकर मास्तरांनी हे वर्गात वाचू दिलं नसतं. ना यती, ना मती. पुढची भिंत तेवढी ठेवणार, मागे सगळी काच, आणि तळघरात वाइन बार. वाघ मारून कातडं दिवाणखान्यात लावणारे संस्थानिक बरे. ते त्याला निदान शिकार म्हणायचे.

ते चर्च कुणी उभं केलं, ब्रोशरमध्ये नाही. रेल्वेच्या पोर्टरांनी. काळी माणसं. रात्रभर गाडीत बिछाने घालायचे, बूट पुसायचे, आणि गोरे प्रवासी सरसकट सगळ्यांना 'जॉर्ज' म्हणायचे. रविवारी बेउलाच्या पायऱ्या चढले की ज्याला त्याला आपलं नाव परत मिळे. ब्रदर एलायजा. ब्रदर विन्स्टन. पुढे हायवेसाठी त्यांची निम्मी वस्ती पाडली. त्यालाही तेव्हा सुधारणाच म्हणाले होते. घरं गेलेली माणसं बस बदलत लांबून प्रार्थनेला येत राहिली. त्यांचं गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, सातवीचा वर्ग भरलाय आणि शेवटच्या बाकापर्यंत सगळे एका चालीत कविता म्हणतायत. अजून कधी दुपारी डोळा लागला की तेच ऐकू येतं.

आपल्या लोकांचं काय सांगावं! मसाल्याचा वास राहतो म्हणून आम्हाला कुणी हॉल देईना. बेउलानं तळघर दिलं, कशाला हवंय तेही विचारलं नाही. आपले डॉक्टर-इंजिनियर तिथे गणपतीची आरती म्हणायचे आणि गाडीत बसल्यावर काचा वर करून, 'एरिया जरा तसलाच, नाही?' तू त्यांच्यात शोभतोस, माइल्स. कार्डावर मिलिंदऐवजी हेच छापलंयस ना?

तुझं बारसंही त्याच तळघरात झालं. पाळणा टांगलेला, घुगऱ्या तयार, आणि तुझी आई रडवेली. माझी बहीण मिरजेत, मग कानात नाव सांगायला आत्या आणायची कुठून? तेवढ्यात ओडेसा ग्रँट जिना उतरून आली. पोर्टर एलायजाची बायको.

"काय अडलंय?"

तुझी आई म्हणाली, "मुलाच्या बापाची बहीण लागते."

"मग सरका बाजूला. मी आलेय."

तिनं वाकून तुझ्या कानात कुर्रर्र केलं, नाव सांगितलं, आणि बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. ती ओरडली, "अगं बायांनो, नाव तर बरोबर सांगितलं ना!" तेव्हापासून ती मला भाऊ म्हणते. तू लहानपणी तिच्या मांडीवर बसून केक खायचास. आठवत नसेल. सोयीचं नसतं ते आठवत नाही.

परवा ब्रोशर घेऊन तिच्याकडे गेलो होतो. नव्वदी झाली, जीभ तशीच. चष्मा लावून चित्र पाहिलं.

"भिंत ठेवणारेत," मी म्हटलं.

"आणि देव कुठे बसायचा? बाल्कनीत?" मग म्हणाली, "भाऊ, माझा भाचा काय करतो हल्ली?"

"बांधकामात आहे."

"मग त्याला गुरुवारी आपल्या बाजूनं बोलायला बोलाव. त्यातलं त्याला कळतं. आणि आत्याला तो नाही म्हणायचा नाही."

मिलिंद, हा टॉवर कुणाचा ते माझ्या तोंडून निघालं नाही. 'कळवतो' म्हटलं, आणि हे कळवलं. ती अंगणवाडीतल्या पोरीसारखी खूश झाली. कुठला कोट घालायचा ते लगेच सुनेला विचारू लागली.

पाठिंब्याचं पत्र मी देणार नाही. सुनावणीत विरोधात बोलणार आहे, मराठी वळणाच्या माझ्या इंग्रजीत, आणि तुझ्या सहकाऱ्यांना हसू आलं तर येऊ दे. ओडेसा पहिल्या रांगेत असेल. तू सभागृहात आलास की मला तिला सांगावंच लागेल, हा मिलिंद. त्यापुढे काय सांगायचं, तेवढं गुरुवारच्या आत कळव.

तुझ्या आत्याशेजारी बसणारा,
बाबा