पत्त्या बघण्याचा राग

अप्पा, परवा तुमच्या नावानं कार्यक्रम झाला. नाट्यगृहाच्या दारात तुमचा मोठा फोटो, त्याला झेंडूचा हार, आणि नावाआधी चक्क 'पंडित'. अव्वा फोटोसमोर थबकली आणि म्हणाली, "ह्ये पंडित कवा झालं?" तुमचा सगळा जन्म लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवण्यात गेला. लोकांनी तुम्हाला "ओ बँडवाले, जरा जोरात" यापलीकडे कधी हाक मारली नाही. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काही खोटं नाही. रागावू नका, तुम्हीही हेच म्हणाला असतात.

कार्यक्रम करणारा मुलगा आपल्याच गावचा, आता पुण्यात सॅक्सोफोन वाजवतो. त्याचं ते जाझ फ्यूजन. लहानपणी मामाच्या वरातीत त्यानं तुम्हाला ऐकलं होतं आणि ते डोक्यातून जात नाही म्हणाला. गेल्या वर्षी घरी आला, तुमच्या वाजवण्याचं काही ध्वनिमुद्रण आहे का विचारायला. असणार कुठून? तुम्ही कधी करू दिलंत का? "ज्याला ऐकायचं हाय त्यानं वरातीत यावं," हे तुमचं ठरलेलं उत्तर. माझ्याकडे एकच कॅसेट होती. ती मी दिली, आणि त्यात काय आहे हे सांगायचं माझ्या मनातही आलं नाही. ऐकल्यावर कुणालाही कळेल असं वाटलं.

मी कॉलेजात होते तेव्हाची ती सकाळ. लग्नसराई तोंडावर आलेली. मैत्रिणीचा टेपरेकॉर्डर मी स्वयंपाकघरात फळीवर ठेवलाय आणि तुम्ही बघूनही तो राहू देता, कारण तुमच्या लेखी हे वाजवणं नव्हेच, ह्या नुसत्या पत्त्या बघणं. क्लॅरिनेटच्या तोंडाशी बांधायच्या त्या बोरूच्या पातळ पत्त्या वाटीतल्या पाण्यात भिजताहेत. अव्वा भाकऱ्या थापतेय. तुम्ही एक पत्ती बांधता, चार सुरांची लकेर मारता, मान हलवता. "ह्ये न्हाय." दुसरी बांधता, पुन्हा तीच लकेर. "ह्येबी न्हाय." शेवटी अव्वा म्हणते, "मग तोंडानं वाजवा," आणि तुम्ही हसता. तिथं कॅसेट संपते. तुमचा आवाज म्हणून जगात एवढंच उरलंय, अप्पा.

परवा मंचावर ड्रम, बास गिटार, कीबोर्ड, तबला, आणि मधोमध तो. माईक घेऊन म्हणाला, ब्रह्म शोधणारा साधक जसा 'हे नव्हे, हेही नव्हे' म्हणत पुढं जातो, तसे पंडितजी रियाजात प्रत्येक सूर नाकारत पुढं जायचे. मग भोंग्यांतून तुमचा आवाज आला, "ह्ये न्हाय." मागोमाग ड्रमवाल्यानं भाकरीची थपथप उचलली. अगदी तोच ठेका. त्यावर तुमची पत्ती तपासायची लकेर सॅक्सोफोननं घेतली, फिरवली, वर नेली, आणि सगळं नाट्यगृह "ह्ये न्हाय, ह्ये न्हाय" म्हणत टाळ्या वाजवायला लागलं. अव्वा माझ्या कानात कुजबुजली. तिची कुजबुज तुम्हाला ठाऊक आहे, चार रांगांना ऐकू जाते. "आगं, त्ये पत्त्या बघत हुतं की."

शेवटी पंडितजींची लेक म्हणून मला मंचावर बोलावलं. मी खरं ते सांगणार होते. संतापले होते मी, खोटं कशाला बोलू? अव्वानं माझी ओढणी धरली. "गप ऱ्हा. नाव घेत्यात त्येंचं. वरातीत कुणी इचारलंतं व्हय नाव?" तिचे डोळे भरले होते. मी वर गेले आणि म्हणाले, "अप्पा लग्नसराईत रोज सकाळी असंच म्हणायचे." टाळ्या थांबेनात. मुलगा माझ्या पाया पडला. गुणी मुलगा आहे हो, वाजवतोही छान, आणि म्हणूनच मला जास्त त्रास होतोय.

कारण तुमचं वाजवणं ते नव्हतंच. वरात मांडवापाशी आली की तुम्ही ढोल-ताशाला हातानं थांबवायचात. नवरा अजून घोड्यावर, करवल्या दमलेल्या, नाचणारे घाम पुसताहेत, आणि तुम्ही एकटेच काहीतरी संथ वाजवायचात. नवरीची आई आतून उंबऱ्यापर्यंत यायची. ते कुणी टिपलं नाही. त्या मुलाला हे लिहून कळवावं म्हणून मी कागद घेऊन बसले, आणि लिहायला लागले तुम्हाला.

त्याला लिहिणार तरी काय? 'ते कसं होतं?' असं त्यानं विचारलं तर गुणगुणून दाखवायला हवं. परवापासून मी रोज प्रयत्न करतेय. पहिले दोन सूर तुमचे येतात, आणि मग सॅक्सोफोन सुरू होतो. तुमचं कुठं संपलं आणि त्याचं कुठं लागलं, मला सांगता येत नाही. अव्वा बाहेर पायरीवर शेंगा सोलत बसलीय. तिला विचारायला मी दोनदा उंबऱ्यापर्यंत गेले आणि मागं आले. तिलाही आठवत नसलं तर, याची मला भीती वाटते.