बाकावर बसवलेले अण्णा

शनिवार, संध्याकाळ. दुबई

चौसाळ्याहून वडील पहिल्यांदाच आलेत, म्हणून आज थीम पार्कला नेलं. पाळण्यात बसायला अण्णा नको म्हणाले. "मग या बाकावरून हलू नका, हरवाल," असं मी बजावलं आणि बायको-मुलीबरोबर रांगेत शिरलो.

तीन तासांनी परतलो. अण्णा त्याच बाकावर होते, धोतर ओलं.

"पाण्याचे शिंतोडे लई उडतेत हितं," ते खाली बघत म्हणाले.

तिथं पाणी नव्हतंच. स्वच्छतागृह समोर होतं, पण मीच हलू नका म्हणालो होतो. गावात ज्यांचा शब्द कुणी मोडत नाही, त्यांनी माझा मोडला नाही. तीन तास! मला कसं सुचलं नाही?

घरी ते न्हाणीत धोतर धुवायला लागले. दाराशी जाऊन म्हणालो, "अण्णा, चुकलो."

"कावून रं? नात खूश झाली न्हवं?"

दार मात्र उघडलं नाही त्यांनी.