ताटाला पाय

सोम. १२ फेब्रु. ६८, धुळे

सकाळी वेड्यांच्या वॉर्डात फेरी, खाटेवार. गोविंद मास्तर, झोप लागली का? लागली, खोकला आहेच. इसाक चाचा, पायाची सूज? उतरतेय. शेठजी, पोट? बरं, पण आजही मला मुनीमच म्हणाले. पुंडलिक, कसा आहेस? भिंतीकडे तोंड.

दुपारी जेवणाच्या वेळी त्यानं वॉर्डबॉय दगडूच्या तोंडावर वरणासकट ताट हाणलं. दगडूची भुवई फुटली. तिघांनी पुंडलिकला खाटेला बांधला. बांधून झाल्यावर दगडूनं त्याला मारलं. बांधलेल्या माणसाला! शिसारी आली. मी 'बस कर' म्हणालो, पण मारून झाल्यावर. माझी मुकादमी ही अशी.

नोंदवहीत लिहिलं, 'रोगी पुंडलिक अंगावर आला.' अक्षर माझं बरं म्हणून वही माझ्याकडे. दुकानांच्या पाट्या वाचून शिकलेलं अक्षर, त्याचा मला कोण तोरा.

बुध. १४

डॉ. साहेबांनी वही चाळली. महिन्यात तीनदा पुंडलिकचं नाव. म्हणाले, "आबा, हा धोक्याचा. २६ तारखेच्या गाडीनं मोठ्या इस्पितळात."

तिकडे गेलेला परत आलेला मी तरी पाहिला नाही. साक्रीकडच्या खेड्यातून त्याची थोरली बहीण, अक्का, महिन्याला येते, फडक्यात नागलीची भाकर बांधून. तिकडे कशी पोचणार बिचारी?

दगडू म्हणे, "गेली पीडा." चहा पाजत होता सगळ्यांना. मी घेतला नाही.

गुरु. १५

पुंडलिकच्या मनगटावर दोरीचे वळ. खोबरेल लावलं. का मारतोस रे बाबा? म्हणाला,

"भाकरले पाय लावस तो. मी कुत्रा शे का?"

दुपारी मुद्दाम उभा राहून पाहिलं. दगडू ताटं जमिनीवर ठेवतो आणि पायानं खाटेकडे ढकलतो. वाकायला नको. चपलेसकट. बाकीचे मुकाट जेवतात. घरी ताटाला चुकून पाय लागला तर आपण हात जोडतो, आणि इथं… रात्री जेवलो नाही.

दगडूला झापलं. तो थंडपणे म्हणतो, "आबा, मला शिकवलं कोणी? तुमची कंबर धरली तेव्हापासून तुम्हीच ढकलत होता की."

आपलेच दात, आपलेच ओठ. दुसऱ्या वेळी पुंडलिक अंगावर आला तो माझ्याच. ताट मीच ढकललं होतं. वहीत काय लिहिलं मी? 'विनाकारण.' सुंदर अक्षरात.

शुक्र. १६

तिन्ही नोंदींखाली लिहिलं, 'आधी ताट पायाने सरकवले.' दुसरीखाली 'सरकवणारा मी.' सही केली.

साहेब चिडले. "हे आता सुचलं? दगडू तर नाही म्हणतो. निवृत्तीला वर्ष राहिलं तुमचं, कशाला हे?" शेवटी म्हणाले, घरचं कोणी २६ च्या आत येऊन किंवा लिहून देऊन जबाबदारी घेत असेल तर पाहू.

ताटं आज हातानं दिली. कंबरेचा काटा ढिला झाला. पुंडलिकनं ताट घेतलं, पण खाईना. माझ्या पायांकडेच बघत होता.

शनि. १७

अक्काला कार्ड टाकलं. नक्कल:

'अक्का, नमस्कार. शाळेच्या मास्तरांकडून वाचून घ्या. पुंडलिकला दूर धाडायचं ठरतंय. तो मारकुटा नाही. इथं त्याचं ताट पायानं ढकललं गेलं, एकदा माझ्याही पायानं. माफी समोर आल्यावर मागेन. २६ च्या आत येऊन जबाबदारी घ्या, म्हणजे थांबवता येईल. भाडं नसेल तर कंडक्टरला माझं नाव सांगा, मी रोज स्टँडवर येऊन भाडं भरेन. येणं जमतच नसेल तर 'जबाबदारी मी घेते' एवढं मास्तरांच्या हातून लिहून अंगठा लावा, पण उलट टपाली. तुमच्या दोन ओळी येईपर्यंत त्याचं ताट मीच देतोय.'