निशाणी: इस्त्री

३ मार्च, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात म्हणे. वॉर्डातून अपक्ष उभं राहायचं, पक्कं. या पुढाऱ्यांपैकी एकानेही आयुष्यात साधा स्क्रू बनवलेला नाही. मी शून्यातून इस्त्रीचा कारखाना उभा केला. (जागा सासऱ्यांनी दिली. पण जागा म्हणजे कारखाना नव्हे.) नगरपालिका म्हणजे तरी काय, धड न चालवलेली कंपनी. सहा महिन्यांत सरळ करतो.
बायकोला सांगितलं. तिने विचारलं, मग कारखाना कोण बघणार? मोठा विचार करणाऱ्याला पहिला विरोध घरातूनच होतो.

५ मार्च
मेहुण्याला प्रचारप्रमुख केलं. दोन वर्षं रिकामाच आहे, त्यामुळे अनुभवाला भरपूर जागा.
दुपारी दुरुस्ती खात्याचे काका केबिनमध्ये आले. एकवीस वर्षं कारखान्यात, वॉर्डात ज्याची इस्त्री बिघडते तो यांनाच शोधतो, तोंड कायम एरंडेल प्यायल्यासारखं. म्हणाले, नव्या मॉडेलचा थर्मोस्टॅट बाद आहे. इस्त्री तापली की बंदच होत नाही. आज कपडे जळताहेत, उद्या घर जळेल. सगळा माल परत बोलवा.
तो थर्मोस्टॅट मी स्वतः निवडलाय. जुन्यापेक्षा निम्म्याने स्वस्त. याला धंद्याची नजर म्हणतात, ती पान्याने येत नाही. काकांना सांगितलं, निवडणूक झाली की बघू.

९ मार्च
निशाणी घ्यायला गेलो. यादीत बादली, शिडी, कुलूप आणि चक्क इस्त्री! अधिकाऱ्याने दोनदा विचारलं, नक्की ना? सरकारी माणूस, त्याला काय कळणार मार्केटिंग. इतरांना आपली निशाणी घरोघर न्यावी लागेल, माझी आधीच पोचलेली आहे. गेल्या वर्षी सवलतीच्या स्कीममध्ये या वॉर्डात नव्या मॉडेलच्या अकराशे इस्त्र्या खपल्या. मेहुणा म्हणाला, दाजी, मास्टरस्ट्रोक. माणसं ओळखण्यात माझा हातखंडा आहे.
स्लोगनही मीच केलं: ‘वॉर्डात एकही सुरकुती राहणार नाही.’ ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर दोन आजींनी ते मनाला लावून घेतलं. दुर्लक्ष.

१४ मार्च
घरोघर फेरी. चाळीस दारं. उघडली अकरा. एका गृहस्थाने पत्रकावरची इस्त्री बघितली, आत गेले, पायजमा घेऊन आले. मांडीवर इस्त्रीच्या आकाराचं भोक. हे तुमचंच ना, म्हणून विचारलं. मी शांतपणे समजावलं की दोष इस्त्रीचा नाही, बटण फिरवणाऱ्याचा आहे. दार आपटलं. मतदारांना शिकवावं लागतं, एका फेरीत होत नाही.
संकल्प: रोज पाच किलोमीटर. (आज दीड. नवे बूट.)

१९ मार्च
सभा. हॉल खचाखच! प्रत्येकाच्या हातात जड पिशवी. मेहुणा म्हणाला, लोक बाजारातून थेट आलेत, घरीसुद्धा गेले नाहीत.  ‘विश्वास’ या विषयावर चाळीस मिनिटं बोललो. टाळ्या नाहीत, कारण हात रिकामे नव्हते.
प्रश्न विचारा म्हटलं, तर मागून एकच प्रश्न आला. दुरुस्तीवाले काका कुठे आहेत? मग पिशव्या उघडल्या. त्रेसष्ट इस्त्र्या. शेवटी गाडी पाठवून काकांना आणावं लागलं. मेहुण्याने प्रसंगावधान राखून फलक लावला, ‘जनसेवा शिबिर’.

२३ मार्च
शिबिर रोज. गर्दी वाढतेच आहे. इतर उमेदवारांना माणसं गोळा करावी लागतात, माझ्याकडे स्वतःहून ओझं घेऊन येतात. मेहुण्याने कागदावर मांडलं: एका इस्त्रीमागे घरातली चार मतं. मी आरामात येतो.
एक गालबोट. आज काकांनी सगळ्यांदेखत सांगितलं की पार्ट हलका आहे, मी बदलून देईपर्यंत ही इस्त्री लावू नका. तेही माझ्याच माइकवर! तिथल्या तिथे कामावरून काढलं. लोकांना कडक नेतृत्व आवडतं. काकांनी स्क्रूड्रायव्हर खिशात घातला आणि ते निघाले. मागोमाग सगळा हॉल उठला. मेहुणा म्हणाला, चहाला गेले असतील. साडेसातपर्यंत वाट पाहिली.

२८ मार्च
मागच्या गल्लीत एका घरात इस्त्री तापून पडदा पेटला. बाळ त्याच खोलीत झोपलं होतं. शेजारणीने पाणी ओतलं म्हणून वाचलं. बायको स्वतः बघून आली आणि दारातच उभं राहून तिने मला सगळं सांगितलं. मी म्हणालो, मतदान तोंडावर असताना नेमका पडदा पेटतो, यात विरोधकांचा हात असणार.
तेव्हापासून बोलत नाही. घरात छान शांतता आहे. विजयाचं भाषण लिहायला घेतलं.

२ एप्रिल
मतदान. केंद्राबाहेर एक बाई मैत्रिणीला ओरडून सांगत होती, काहीही दाब, फक्त इस्त्रीला हात लावू नकोस. म्हणजे निशाणी लक्षात राहिली आहे. ब्रँडिंग यशस्वी.

४ एप्रिल
बादली ४,११२. शिडी २,९०६. मी ८७. कारखान्यात कामगारच एकशे चाळीस आहेत. हा समाज अजून उद्योजकासाठी तयार नाही. मेहुण्याचा फोन बंद.

५ एप्रिल, दुपारी
दुकानदारांनी माल थांबवला. निवडणुकीआधी या इस्त्र्या मी बनवतो हे कुणाला ठाऊक नव्हतं. आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.
बायको काकांच्या घरी गेली, परत कामावर या म्हणायला. त्यांनी दोन अटी घातल्या. सगळा माल परत घ्यायचा, आणि शेवटची इस्त्री येईपर्यंत मी केबिनमध्ये बसायचं नाही. जागेचे कागद तिच्या नावावर असल्यामुळे या विषयावर मतदान झालं नाही. मला टेम्पो मिळाला आहे, ड्रायव्हरसकट.

९ एप्रिल
पुन्हा घरोघर. तोच वॉर्ड, तेच जिने. आज मात्र सगळी दारं उघडली. बोलायची गरजच पडली नाही, टेम्पो बघूनच लोक इस्त्री आणून देतात. दुपारपर्यंत दोनशे चार. एवढा प्रतिसाद प्रचारात एक दिवसही नव्हता. पाच वर्षांनी उपयोगी पडेल.
तिसऱ्या मजल्यावर एक बाई. तिच्या खिडकीसमोरच्या खांबावर माझा हसरा फोटो महिनाभर होता, अजूनही आहे. तिने वर्तमानपत्रात गुंडाळलेली इस्त्री माझ्या हातात दिली, मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, काकांकडचे का तुम्ही?
मी हो म्हणालो. तिने बसायला खुर्ची दिली आणि पाणी आणलं.